मित्राला शिकार शिकवताना: फेब्रुवारी ते नोव्हेंबर

मित्राने पहिल्यांदा विचारलं तेव्हा आम्ही त्याच्याच घरी जेवत होतो. फेब्रुवारी महिना, बाहेर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनची ती हाडं गोठवणारी थंडी, आणि मी नेलेल्या हरणाच्या मटणाचा वहिनींनी सावजी मसाल्यात रस्सा केलेला. चारेक घास खाऊन तो एकदम म्हणाला, "भाऊ, यंदा मला पण घेऊन चल ना. नुसतं बघायला नाही, शिकायला." तो नागपूरचा, चाळिशी ओलांडलेला, आयुष्यात कधी बंदूक हातात धरलेली नाही, कोंबडीसुद्धा कापलेली नाही. मी लगेच हो म्हटलं नाही. म्हटलं का शिकायचंय ते आठ दिवस विचार कर आणि मग सांग.

आठव्या दिवशी फोन आला. "चाळीस वर्षं मटण खाऊन राहिलो, पण मारायचं काम कायम दुसऱ्याकडून करून घेतलं. एकदा तरी स्वतः केलं पाहिजे, नाही जमलं तर खाणं सोडीन." एवढं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. मी हो म्हटलं.

माझं सांगायचं तर मी सिंधुदुर्गातला. आजोबांकडे शेतीच्या राखणीच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, ती मी फक्त भिंतीवर टांगलेली पाहिली. रानडुक्कर, भेकर, हाकारे घालून रान उठवणं वगैरे सगळं गोष्टींमधून ऐकलेलं. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि आपल्याकडे शिकारीचा विषय संपला, आणि खरं सांगतो, संपला ते बरंच झालं, आपल्या जंगलात जे काही उरलंय ते त्या कायद्यामुळे उरलंय. इथे विस्कॉन्सिनमध्ये परिस्थिती पूर्ण उलटी आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतलं हे व्हाइटटेल हरीण जवळपास संपत आलं होतं, मग लायसन्स, हंगाम, कोटा असं सगळं लावून ते परत आणलं, आणि त्याला लागणारा बराच पैसा शिकाऱ्यांच्या खिशातूनच येतो कारण १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफल आणि गोळ्यांवर ११ टक्के कर लावला जातो आणि तो वन्यजीवांच्या कामालाच जातो. आता आमच्या भागात हरणं इतकी झालीत की शेतकरीच सांगतात, या आणि माद्या कमी करा. मला हे सगळं इथल्याच एका म्हाताऱ्या डेअरीवाल्या शेतकऱ्याने शिकवलं, मी छत्तिशीत असताना. त्याने मला शिकवलं ते आठवूनच मी मित्राला शिकवायला घेतलं, काही गोष्टी त्याच्यासारख्या केल्या, काही मुद्दाम वेगळ्या.

आधी व्हिसाचं सांगतो कारण इथले आपले बरेच लोक यावरच अडकतात. एचवनबीसारख्या नॉनइमिग्रंट व्हिसावर असताना फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, पण वैध हंटिंग लायसन्स असेल तर त्याला अपवाद आहे. तरी ज्याचा व्हिसा आहे त्याने आपल्या वकिलाला विचारूनच पाऊल टाकावं, या बाबतीत माझ्या किंवा कोणाच्या ऐकीव सल्ल्यावर जाऊ नये. मित्राचं ग्रीन कार्ड झालेलं होतं म्हणून तो प्रश्न आला नाही.

विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला लायसन्ससाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. कोर्स न करताही मेंटरबरोबर जाता येतं, पण मग मेंटरने हाताच्या अंतरावर राहायचं असा नियम आहे. मी मित्राला म्हटलं तू कोर्स करच, आणि तरीही पहिल्या वर्षी मी हाताच्या अंतरावरच बसणार. ऑनलाइन भाग त्याने एप्रिलमध्ये संपवला, मग फील्ड डेला गेला, तिथे बाकी सगळी बारा-तेरा वर्षांची पोरं आणि हा एकटा टक्कल पडायला लागलेला माणूस. कुंपण ओलांडताना रायफल आधी रिकामी करून पलीकडे ठेवायची, मग आपण जायचं, हे त्याने त्या पोरांबरोबर रांगेत उभं राहून केलं. मला त्याचं फार कौतुक वाटलं. आपल्याकडे या वयात शून्यापासून शिकायला बसणं लोकांना कमीपणाचं वाटतं.

त्या कोर्सचे चार मूळ नियम आहेत. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजून वागायचं, नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला ठेवायचं, आपण कशावर नेम धरतोय आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करायची, आणि झाडायची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर ठेवायचं. हे चार नियम मी त्याच्याकडून इतक्या वेळा म्हणून घेतले की वहिनींना पाठ झाले. यातला तिसरा पुढे माझ्यावरच उलटला, ते सांगतोच.

मे ते ऑगस्ट दर दुसऱ्या शनिवारी रेंजवर. त्याला मी माझी टू फॉर्टी थ्री कॅलिबरची रायफल दिली, तिचा धक्का खांद्याला कमी बसतो आणि हरणासाठी पुरेशी आहे. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी मोठी रायफल देऊन खांदा सुजवला की तो आवाजाच्या आधीच डोळे मिटायला शिकतो आणि ते मोडायला वर्ष जातं. तरी याला ती सवय लागलीच. गोळ्या इकडे तिकडे जायला लागल्या, तो म्हणे स्कोप बिघडलाय. मग मी त्याला न सांगता चार खऱ्या गोळ्यांमध्ये एक डमी काडतूस भरलं. तिसऱ्या वेळी नुसतं टक् असा आवाज झाला, धक्का नाही, काही नाही, आणि रायफलचं तोंड चांगलं दोन इंच खाली गेलेलं आम्हा दोघांनाही दिसलं. तो काही बोलला नाही, रायफल ठेवली, पाणी प्यायला, परत येऊन बसला. त्यानंतर तीन आठवडे खरी गोळी बंद. रोज रात्री घरी रिकाम्या रायफलने, दोनदा तपासून, डमी घालून, नळीवर एक क्वार्टरचं नाणं ठेवून ट्रिगर दाबायचा, नाणं पडता कामा नये.

अट एकच ठेवली होती. साधी कागदी जेवणाची प्लेट, बसून, काठ्यांच्या टेकूवर, पाचपैकी पाच गोळ्या प्लेटमध्ये. ज्या अंतरावर हे जमेल ते त्याचं अंतर, त्याच्यापुढे हरीण कितीही छान उभं असलं तरी नाही. हरणाचं काळीज-फुप्फुस साधारण त्या प्लेटएवढ्याच जागेत असतं, पुढच्या पायाच्या जरा मागे, अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. ऑगस्टअखेर तो ८० यार्डांवर पाचपैकी पाच मारायला लागला, १०० वर कधी चार, कधी पाच. मग ८० ठरलं.

रेंजइतकंच दुसरं काम म्हणजे जागा. आम्ही विस्कॉन्सिनमधल्याच आयोवा काउंटीत एका शेतकऱ्याच्या रानात बसतो, डॉजविलच्या अलीकडे, सगळा टेकड्या-घळ्यांचा मुलूख, वर ओकची झाडं आणि खाली मका. परवानगी मला आहे, मित्राची वेगळी मागायची होती. मी त्याला म्हटलं तू स्वतः जाऊन विचार. तो जुलैत गेला, वहिनींनी दिलेला चिवडा घेऊन, आणि त्या दिवशी तिथे कुंपणाचं काम चाललेलं म्हणून चार तास खांब रोवत बसला. संध्याकाळी शेतकऱ्याने मला मेसेज केला की याला आणत जा. नंतर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आम्ही रान फिरलो. पायवाट कुठे दोन उतारांच्या मधून खाली येते, नराने शिंगं घासून कोणत्या खोडांची साल काढलीय, ओकची फळं कुठे पडलीत, हरणं दिवसा कुठे बसतात, आणि मुख्य म्हणजे वारा. वारा आपल्या तोंडावर पाहिजे, नाहीतर हरणाला आपला वास लागतो. तो खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली घेऊन फिरायचा आणि दर पन्नास पावलांवर चिमूटभर उडवून बघायचा.

गन सीझन, म्हणजे बंदुकीने शिकार करायचा हंगाम, थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. लायसन्स त्याला पहिल्यांदाच घेतोय म्हणून ५ डॉलरला मिळालं. कमरेच्या वरचे बाहेरचे कपडे निदान अर्धे तरी भडक केशरी किंवा भडक गुलाबी लागतात, टोपीसुद्धा. त्याने केशरीच घेतलं.

पहिल्या शनिवारी पहाटे पावणेसहाला आम्ही ओकच्या बुंध्याला टेकून बसलो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून चालतं, म्हणजे साधारण साडेसहाला. अंधारात त्याचा श्वास ऐकू येत होता. पावणेसातला लांबून कुठूनतरी पहिला बार ऐकू आला, मग दुसरा, आणि सातच्या सुमारास समोरच्या टेकडीच्या धारेवर एक मादी येऊन उभी राहिली. पूर्ण आडवी, सत्तर यार्ड, मान वर. मागे नुसतं गुलाबी आभाळ. इतकं स्वच्छ हरीण मला स्वतःला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. मी त्याच्या कानात म्हटलं, "घे. घे. आत्ता घे."

त्याने सेफ्टी काढली नाही. बोट नळीच्या बाजूनेच सरळ. मी परत म्हटलं घे. तो स्कोपमधून डोळा न काढता एकदम हळू म्हणाला, "मागे काय आहे, दिसून नाही राहिलं."

मादी अजून पंधरा-वीस सेकंद थांबली आणि धारेपलीकडे उतरली.

माझ्या अंगावर काटा आला तो थंडीने नव्हता. आभाळावर उभ्या असलेल्या हरणावर गोळी झाडायची नाही हे मीच त्याला शिकवलेलं, ती गोळी मैलभर जाऊन कुठेही पडू शकते, आणि मीच दोनदा घे म्हटलं. का म्हटलं याचा मी नंतर खूप विचार केला. दहा महिने झाले होते, त्याला मिळावं असं मला इतकं वाटत होतं की हरीण दिसल्यावर माझ्या डोळ्याला हरणाशिवाय दुसरं काही दिसलंच नाही. दुपारी जेवायला उठलो तेव्हा मी त्याला त्या धारेवर घेऊन गेलो. पलीकडे उतार, उताराखाली गावरस्ता, आणि रस्त्याच्या कडेला शेजारच्या गोठ्याचं पत्र्याचं छप्पर. गोठ्याबाहेर एक पिकअप उभी होती. मी त्याला म्हटलं सकाळी मी चुकलो, तू बरोबर होतास, आणि यापुढे हरीण समोर असताना मी काही बोलणार नाही. तो म्हणाला, "ठीक आहे ना भाऊ, तूच तर सांगितलं होतं." जे कोणी दुसऱ्याला शिकवतात त्यांना एवढंच सांगतो, ऐन वेळी गप्प बसा. बोलायचं ते सगळं उन्हाळ्यात बोलून घ्या.

रविवारी दिवसभर काही नाही, तीन टर्की आणि खारी. नवीन माणसाला थंडीत सलग आठ तास बसणं किती जड जातं ते मी विसरलो होतो, त्याच्या पायाची बोटं बधिर झाली, पुढच्या वेळी मी रात्रभर बुटात ठेवायच्या गरम पुड्या आणि बसायला जाड फोम आणला.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवारी संध्याकाळी चार वाजता, सूर्य मावळायला वीस-पंचवीस मिनिटं, घळीतून दोन माद्या आल्या. पहिली आमच्याकडे तोंड करून. त्याने वाट पाहिली. दुसरी पहिलीच्या मागे. त्याने वाट पाहिली. मी जमिनीकडे बघत होतो, खरंच, पाचोळ्यातल्या एका ओकच्या पानाकडे. मग पहिली वळली, चार पावलं पुढे गेली, मागे मातीचा उंच उतार. सेफ्टीचा बारीक आवाज आला आणि बार झाला. मादीने मागचे दोन्ही पाय झाडले आणि झाडीत घुसली.

तो उठायला लागला, मी खांद्यावर हात ठेवला. अर्धा तास बसायचं. लगेच मागे लागलं तर जखमी जनावर उठून अर्धा मैल पळतं आणि हाल होतात. त्या अर्ध्या तासात त्याचे हात इतके थरथरत होते की थर्मासचं झाकण उघडेना. रायफल रिकामी करून घेतली. अंधार पडला.

हेडलॅम्प लावून जिथे ती उभी होती तिथे गेलो. आधी केस सापडले, मग पानावर रक्त, गुलाबी, फेसाळ. ते मी त्याला जवळून दाखवलं. असं फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, जनावर लांब गेलेलं नसतं. काळपट लाल असतं तर यकृत, हिरवट आणि घाण वास असता तर पोट, मग परत फिरून कित्येक तास थांबावं लागलं असतं. तो पुढे, मी मागे, प्रत्येक थेंबाजवळ टॉयलेट पेपरचा तुकडा टाकत. साठेक पावलांवर रानगुलाबाच्या काटेरी जाळीत ती पडलेली होती. मागच्या बाजूने जाऊन काठीने डोळ्याला स्पर्श करून बघितला, पापणी हलली नाही.

मला शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने अशा वेळी माझ्या पाठीवर थाप मारून अभिनंदन केलं होतं, आणि त्या अभिनंदनाचं काय करावं ते मला कळलं नव्हतं. म्हणून मी काही बोललो नाही. मित्राने हातमोजा काढला, तिच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच बसला. मग हात कपाळाला लावला. रडला का ते मी बघितलं नाही, हेडलॅम्प मुद्दाम दुसरीकडे केला होता.

पोट साफ करायचं काम सगळं त्याने केलं, मी फक्त मागचा पाय धरून प्रकाश दाखवला. सुरी घ्यायला माझा हात दोनदा पुढे गेला आणि दोनदा मागे घेतला. डाव्या हाताची दोन बोटं कातडीखाली घालून वर उचलायची आणि त्या दोन बोटांच्या मधून सुरी, धार वर, इंच इंच पुढे, म्हणजे खालच्या पोटाच्या पिशवीला टोक लागत नाही. थंडीत वाफ निघत होती आणि चष्म्यावर धुकं धरत होतं. मधला पडदा कापून, छातीत कोपरापर्यंत हात घालून श्वासनलिका वर कापली की सगळं एकदम बाहेर येतं. गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली होती, मी त्याला ते भोक दाखवलं, बोट घालून बघायला लावलं. काळीज त्याने पिशवीत घेतलं. नंतर दोघांनी ओढत वर काढली, त्याला दोनदा बसावं लागलं.

मारलेल्या हरणाची नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन करायची असते, त्याने गाडीत बसूनच फोनवर केली. पण आमच्या भागात त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट आहे सीडब्ल्यूडी, हरणांचा मेंदू पोखरणारा रोग. विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला, तोही याच दक्षिण भागात. माणसाला झाल्याची नोंद नाही, पण रोग निघाला तर मांस खाऊ नका असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे आणि मी तो पाळतो. डोकं मानेच्या थोड्या भागासकट कापून, फॉर्म भरून, सरकारी पेटीत टाकून यायचं. तपासणी फुकट. निकाल यायला दोनेक आठवडे.

मित्राला त्याच रात्री आतल्या बाजूचं मऊ मांस तव्यावर टाकायचं होतं. मी म्हटलं नाही. हा भाग त्याला सगळ्यात जड गेला असं मला वाटतं. रविवारी गराजमध्ये प्लास्टिक अंथरून आम्ही तिघांनी पूर्ण हरीण मोकळं केलं, पाठीच्या दोन लांब पट्ट्या, मांड्या, फऱ्याचं खिम्याला. वहिनींनी पांढरा पडदा इतका स्वच्छ काढला की मला लाज वाटली. चरबी सगळी काढून टाकायची, हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते. प्रत्येक पाकिटावर तारीख आणि 'थांबा' असं मार्करने लिहून फ्रीजरमध्ये. रोग निघाला असता तर ही सगळी पाकिटं कचऱ्यात गेली असती आणि ते दोघांनाही माहीत होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफिसमध्ये असताना त्याचा स्क्रीनशॉट आला. निकाल स्वच्छ. खाली फक्त, "ये."

पाठीची पट्टी त्याने तुपात, लोखंडी तव्यावर, मीठ-मिरीत केली, आतून गुलाबी ठेवून, कारण या मांसात चरबी नसते, जास्त शिजलं की चामडं होतं. मांडीचा रस्सा वहिनींचा, सावजीच, त्याला दोन तास मंद आच. पहिली वाटी त्याने झाकण लावून बाजूला काढली आणि दुसऱ्या दिवशी डॉजविलला शेतकऱ्याच्या घरी पोचवली, खिम्याच्या चार पाकिटांसकट. शेतकऱ्याच्या बायकोला रस्सा तिखट लागला पण तिने वाटी परत करताना त्यात मॅपल सिरपची बाटली घालून दिली.

यंदा ऑगस्टमध्ये तो एकटाच परत कुंपणाला गेला होता. आल्यावर मला विचारलं, "भाऊ, या वेळी मी खालच्या घळीत एकटा बसू का?" मी म्हटलं बस, मी वरच्या ओककडे असतो, बार झाला तर अर्धा तास थांबून फोन कर. त्याने टाल्कम पावडरची नवीन बाटली आणलीय.